येलची आर्ट गॅलरी पहिल्यांदा बघताना

सगळे थेट व्हॅन गॉगकडे धावतात, तू आधी ट्रम्बलकडे जा. अमेरिकन चित्रकार जॉन ट्रम्बलने १८३२ मध्ये आपली शंभराहून अधिक चित्रं येल कॉलेजला दिली आणि ही गॅलरी उभी राहिली. त्याचं ‘डिक्लरेशन ऑफ इंडिपेंडन्स’, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र, इथे दिसेल जेमतेम ५३ बाय ७९ सेंटीमीटरचं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधलं, म्हणजे तिथल्या संसद भवनातलं, प्रसिद्ध चित्र १२ बाय १८ फुटांचं आहे, पण ते नंतरचं. मूळ हे छोटं. यातले बरेच चेहरे त्याने त्या त्या माणसाला समोर बसवून रंगवले, म्हणून अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा बघ. मोठ्या चित्रात ती जान नाही, असं माझं मत. (ट्रम्बलला पुरलंयसुद्धा याच गॅलरीखाली, त्याच्याच इच्छेने!)

मग व्हॅन गॉगचं ‘द नाइट कॅफे’, १८८८, फ्रान्समधलं आर्ल. लाल-हिरव्या रंगांतून माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केलाय, असं व्हॅन गॉगने भावाला कळवलं होतं. दिव्यांभोवतीची वलयं आणि रंगाचे जाड थर छापील प्रतीत कळत नाहीत. जरा बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघ.

मधूनमधून वर बघायला विसरू नकोस. वास्तुविशारद लुई कानच्या १९५३ च्या इमारतीचं काँक्रीटचं त्रिकोणी छत मला तरी निम्म्या चित्रांहून सरस वाटतं.

प्रवेश फुकट आहे, तेव्हा सगळं एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरू नकोस.