लिव्हरची गोळी लागली, म्हणजे लिव्हर गेलं काय?

"मॅडम, लिव्हरची गोळी चालू झाली. म्हणजे लिव्हर गेलंच म्हणायचं की?" कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्यापुढचं "आणि मी तर दारूला शिवतसुद्धा नाही" हे वाक्यही ठरलेलं.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे चाळिशीतले एकजण आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पित्ताशयात बारीक खडे होते, म्हणून डॉक्टरांनी उर्सोडिऑक्सीकोलिक ॲसिडची गोळी दिलेली. रात्री मोबाइलवर शोधलं, तर औषधांच्या जागतिक वर्गीकरणात ती 'ए०५, पित्त आणि यकृतावरील औषधे' या गटात निघाली. तेव्हापासून झोप नाही. विम्याचे कागदही बायकोच्या हातात देऊन झालेले.

पहिली एक-दोन सत्रं त्यांनी मला पुनःपुन्हा तेच विचारलं. मी धीर दिला नाही. नुसता धीर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. भीतीला पुरावा विचारावा लागतो.

"लिव्हर खराब झालेलं कुणाचं बघितलंय?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दादांचं. पोटात पाणी झालेलं. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते. आणि दवाखान्यात काय दिलं, तर जुलाबाचं गोड औषध! लिव्हरचं काहीच नाही. तेवढ्यावरच घालवलं त्यांना."

गाठ इथं होती.

ते औषध बहुधा लॅक्ट्युलोज. वर्गीकरणात ते ए०६ मध्ये, म्हणजे बद्धकोष्ठतेच्या औषधांत बसतं. पण यकृत थकल्यावर आतड्यातला अमोनिया रक्तात जाऊन भ्रम होतो, तेव्हा तो बाहेर काढायला हेच देतात. हिपॅटायटिस बी वरचं एन्टेकॅव्हिर विषाणूविरोधी औषधांच्या जे०५ मध्ये आहे. ए०५ मध्ये मात्र पित्ताम्लं (पित्तातली आम्लं, यांची गोळी त्यातलीच) आणि सिलिमारिनसारखी वनस्पतीपासूनची औषधं. ही विभागणी जागतिक आरोग्य संघटनेचं ऑस्लोतलं केंद्र सांभाळतं, औषधांचा वापर मोजता यावा म्हणून. फायलीच्या कपाटासारखं आहे ते. कप्प्यावरून आजार किती गंभीर, हे कळत नाही.

"म्हणजे दादांना दिलेलं औषध बरोबर होतं?"

"तुम्ही सांगताय त्यावरून, हो."

ते रडले. स्वतःच्या गोळीबद्दल त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वेळी "झोप लागली" म्हणाले. माणूस औषधाबद्दल विचारतो तेव्हा मी आधी घरातलं जुनं आजारपण शोधते, आणि बहुतेक वेळा ते सापडतंच.

तुमच्या हातात अशी गोळी असेल, तर ती मनाने बंद करू नका. ती कशासाठी, किती दिवस, पुढची तपासणी कधी, हे डॉक्टरांनाच विचारा. काविळीचा झाडपाला घेत असाल तर तेही लपवू नका, काही वनस्पती यकृतालाच बाधतात. आणि पोटात उजवीकडे जोराची कळ, ताप किंवा डोळे पिवळे दिसले, तर माझी अपॉइंटमेंट घेऊ नका, सरळ दवाखाना गाठा.