आधी ज्वालामुखी, मग समुद्र

प्रश्न : आम्ही पती-पत्नी येत्या सुट्टीत आठ दिवसांसाठी बालीला जात आहोत. दोघांकडेही ओपन वॉटरचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या प्राथमिक प्रशिक्षणाचे, सर्टिफिकेट आहे. सुरुवातीचे काही दिवस तिथल्या किनाऱ्यावरच्या तुलाम्बेनला स्कूबा डायव्हिंग करायचे, शेवटच्या डाइव्हच्या रात्रीच निघून बातुर ज्वालामुखीवरून सूर्योदय पाहायचा आणि त्यानंतरच्या दिवशी परतीचे विमान पकडायचे, असा बेत आहे. डाइव्हनंतर लगेच विमानप्रवास करू नये हे ठाऊक असल्यामुळे तेवढे अंतर ठेवले आहे. आणखी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : विमानाचा विचार तुम्ही केलात, पण डोंगराचा राहून गेला. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण प्रश्न फक्त भोवतालच्या हवेचा दाब किती उतरला एवढाच असतो.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो. तुमच्या सर्टिफिकेटच्या मर्यादेवर, म्हणजे १८ मीटरवर, तो पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो आणि वर आल्यानंतर कित्येक तास फुप्फुसांवाटे सावकाश बाहेर पडत राहतो. ओळीने काही दिवस, दिवसाला दोन-तीन डाइव्ह केल्या, तर काही ऊतींमधला साठा एका रात्रीत पुरता रिकामा होत नाही. अशा अवस्थेत माणूस उंचीवर गेला, की उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन डीकम्प्रेशन सिकनेस होण्याचा धोका वाढतो.

बातुरचा माथा १७१७ मीटरवर आहे. विमानाच्या केबिनमधला दाब साधारणतः १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो, म्हणजे तुम्ही विमानासाठी जो नियम पाळता तो बातुरलाही जवळजवळ जसाच्या तसा लागू होतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांचे डायव्हिंग झाल्यावर किमान १८ तास थांबावे. दुपारी तीनला पाण्याबाहेर येऊन पहाटे चारला चढायला लागलात, तर तेराच तास भरतात. बालीतल्याच आगुंग या दुसऱ्या ज्वालामुखीचा मोह झाला, तर त्याचा माथा ३००० मीटरपेक्षा उंच आहे आणि या शिफारशी तेवढ्या उंचीसाठी आखलेल्याच नाहीत.

मला अधिक काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणे, म्हणजे सांधेदुखी, विलक्षण थकवा, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, ही बरीचशी रात्रभर जागून डोंगर चढून-उतरून आलेल्या कुणालाही जाणवू शकतात. दुखणारा गुडघा उतारामुळे दुखतो आहे की नायट्रोजनमुळे, हे तिथल्या तिथे कुणालाच सांगता येणार नाही आणि ‘चढण्याचा शीण असेल’ म्हणून उपचार लांबणीवर पडतील. डाइव्हनंतर असे काही जाणवल्यास ते डायव्हिंगमुळेच आहे असे धरून चालावे, शुद्ध ऑक्सिजन घ्यावा आणि विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा. दाबकक्षातले उपचार, म्हणजे बंद कक्षात वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणे, तुमच्या प्रवासविम्यात येतात का, हे निघण्यापूर्वीच पाहा. पुष्कळ साध्या विम्यांत ते येत नाहीत.

म्हणून बेत उलटा करा. पहिल्या दोन दिवसांत बातुर पाहून घ्या, एक रात्र नीट झोपा, भरपूर पाणी प्या आणि मग तुलाम्बेनला जा. उंचीवरून खाली येऊन डाइव्ह करण्यात दाबाची ही अडचण नसते. शेवटचा पूर्ण दिवस किनाऱ्यावरच काढा. विमानतळाकडे परतताना गाडीचालकाने बातुरजवळच्या किंतामणीवरून नेण्याचा आग्रह धरला, तर नम्रपणे नाही म्हणा. तिथला रस्ता सुमारे १५०० मीटर उंचीवरून जातो. आमलापुरा गावाकडचा रस्ता त्यापेक्षा बराच खालून जातो. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजन असलेली हवा, वापरल्याने थांबण्याचे तास कमी होतात, असेही समजू नका.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये आगुंगच्या राखेमुळे डेन्पासारचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता, तेव्हा परतीच्या तारखेत थोडी सवड असलेली बरी. विमान रद्द झाले, तर नायट्रोजनची चिंता आपोआप मिटते, बाकीच्या मात्र वाढतात.

प्रश्न : तुलाम्बेनचा किनारा काळ्या दगडांचा आणि राखाडी वाळूचा आहे असे ऐकले. तिथे पाण्याखाली पाहण्यासारखे काय आहे आणि नवशिक्याला ते झेपेल का?

उत्तर : तिथले मुख्य आकर्षण ज्वालामुखीनेच समुद्रात ढकललेले आहे. ‘लिबर्टी’ या अमेरिकी मालवाहू जहाजावर जानेवारी १९४२मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला, ते ओढून नेताना तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर लावावे लागले आणि १९६३च्या आगुंगच्या उद्रेकापर्यंत तिथेच पडून राहिले. त्या उद्रेकातल्या हादऱ्यांनी ते पाण्यात घसरले. आज त्याचे अवशेष किनाऱ्यापासून अगदी जवळ, साधारण ५ ते ३० मीटर खोलीवर, प्रवाळांनी मढलेले आहेत. त्यांचा वरचा भाग नवशिक्यालाही सहज पाहता येतो. सांगाड्याच्या अरुंद जागांत मात्र शिरू नये. काळ्या वाळूवर न्युडिब्रँक आणि घोस्ट पाइपफिश यांसारखे छोटे जीव सापडतात, पण त्यासाठी नजर तयार असलेला गाइड हवा.

ज्वालामुखी बेटांचे उतार तीव्र असतात आणि गडद वाळू प्रकाश फारसा परतवत नाही, त्यामुळे आपण किती खाली आलो याचा अंदाज चुकतो. डोळ्यांवर न विसंबता खोली आणि वेळ दाखवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर वारंवार पाहावा. खरी कसरत किनाऱ्यावर असते, कारण तिथले गोटे गोल आणि निसरडे आहेत. सिलिंडर डोक्यावर घेऊन त्याच गोट्यांवरून चालणाऱ्या स्थानिक महिलांकडे पाहून ते सोपे वाटेल, पण तुम्ही जाड तळव्याचे बूट घाला, लाटांचा अंदाज घ्या आणि फिन्स (पायांत घालायचे पंख) कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच चढवा.