सुई दाबण्याआधी खूण पाहा

वेफर म्हणजे चिप कापून काढण्याआधीची सिलिकॉनची चकती. तिच्यावरच्या एकेका चिपच्या (डायच्या) धातूच्या पॅडना सुया टेकवून टेस्ट करतात. या वेफर टेस्टिंगच्या सुयांबद्दल जी पत्रं येतात, त्यातली बरीचशी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: ‘संपर्क नीट मिळत नाही, अजून किती दाबू?’ कॉलेजातली मुलं हेच विचारतात आणि कारखान्यात शिफ्ट करणारे टेक्निशियनही. म्हणून या वेळी सुयांचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. एक आधीच सांगतो. तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही. खालचे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. तुमच्या प्रोब कार्डाबरोबर (अशा अनेक सुया बसवलेल्या पाटीबरोबर) आलेला कागद वेगळं सांगत असेल, तर कागदाचं ऐका.

प्रश्न: डायोडची रिव्हर्स गळती अचानक कितीतरी पट जास्त दिसते आहे. सुया बदलू का?

आधी नको, प्रकाशानेही गळती वाढते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करा, डब्याचं झाकण लावा आणि पुन्हा मोजा.

प्रश्न: आमच्या विभागात हाताने चालवायचं प्रोब स्टेशन आहे. सुई पॅडला टेकली हे नेमकं कसं ओळखायचं? सीनियर म्हणतात, मीटरवर करंट दिसेपर्यंत खाली आणत राहा. (एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, पुणे)

सीनियरचं ऐकू नका. ॲल्युमिनियमच्या पॅडवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतोच. सुई टेकते, पण तो थर फुटेपर्यंत मीटर गप्प असतो. मीटर बोलेपर्यंत तुम्ही सुई किती खाली रेटली, याचा पत्ता नसतो. टेकणं डोळ्यांनी ओळखायचं.

आधी वेफर चकवर (वेफर धरणाऱ्या बैठकीवर) ठेवून व्हॅक्यूम चालू करा. हे विसरणारे खूप आहेत, आणि मग सुईबरोबर वेफरच सरकतं. कमी मॅग्निफिकेशनवर दोन डायमधली एक आडवी रेघ धरा आणि स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. रेघ वर-खाली सरकली, तर थीटाचा (वेफर गोल फिरवणारा) स्क्रू फिरवून ती सरळ करा. आता सुई पॅडच्या वर आणा, पण हवेतच ठेवा. फोकस पॅडच्या धातूवर ठेवा, म्हणजे सुई धूसर दिसेल. झेडचा स्क्रू हळू फिरवा. टोक जसं खाली येईल तसं स्पष्ट होत जाईल, आणि चकचकीत पॅडमध्ये त्याचं प्रतिबिंब समोरून त्याला भेटायला येईल. दोन टोकं भिडली की हात थांबवा. त्यानंतर अगदी थोडं फिरवलं की टोक किंचित पुढे घसरतं. सुई टेकली.

आता ‘थोडं’ म्हणजे किती? पुष्कळशा मायक्रोपोझिशनरचा (सुई धरून हलवणाऱ्या साधनाचा) स्क्रू इंचाला १०० आट्यांचा असतो. एका पूर्ण फेऱ्यात २५४ मायक्रॉन. म्हणजे ५० मायक्रॉनसाठी फेऱ्याचा पाचवा भाग पुरतो. ‘एक फेरा अजून’ म्हणणाऱ्याने पॅड संपवलं म्हणून समजा. टोक टेकलेलं असताना एक्स किंवा वायचा स्क्रू फिरवायचा नाही, आणि स्टेज हलवण्याआधी सुया उचलायच्या. तुमच्या स्टेशनचे आटे किती, हे प्रयोगशाळेच्या इन-चार्जना विचारून घ्या. पहिल्यांदा रद्दी वेफरवर करा.

प्रश्न: वेफर हाताळताना मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा लावायलाच हवा का?

हो.

प्रश्न: आमच्याकडे यील्ड घसरला की ओव्हरड्राइव्ह १० मायक्रॉनने वाढवतात, आणि यील्ड खरोखर वर येतो. मग यात वाईट काय? (टेस्ट टेक्निशियन, नाव छापू नये)

यील्ड, म्हणजे पास होणाऱ्या चिपचं प्रमाण, वर येतो, म्हणूनच तर ही सवय सुटत नाही. याचं उत्तर जरा लांब आहे.

पहिल्या स्पर्शानंतर चक आणखी जितकं वर जातं, तो ओव्हरड्राइव्ह. कँटिलीव्हर (एका टोकाला धरलेल्या आडव्या सुयांच्या) कार्डावर तो साधारण ५० ते ७५ मायक्रॉन ठेवतात. सुई स्प्रिंगसारखी वाकते, टोक पुढे घसरतं, ऑक्साइड खरवडला जातो आणि खालचं ॲल्युमिनियम सापडतं. इतकंच काम आहे. एका सुईचा दाब काही ग्रॅम असतो म्हणून लोक त्याला हलकं समजतात. २५ मायक्रॉन व्यासाच्या टोकावर ३ ग्रॅम म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६०० पट झाले, आणि तेही पूर्ण टोक सपाट टेकलं असं धरून. प्रत्यक्षात आधी टोकाची एक कडाच टेकते. समोर असतो जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपासचा धातू. त्याच्या खाली ठिसूळ थर, आणि आजकालच्या बऱ्याच चिपमध्ये पॅडखाली चालू सर्किटसुद्धा.

तुम्ही १० मायक्रॉन वाढवलेत. ओरखडा लांबला, खोल गेला, पुढच्या टोकाला ॲल्युमिनियमचा ढीग साचला. पुढच्या महिन्यात आणखी १० वाढवलेत. आता ओरखडा पॅडच्या कडेला जाऊन वरच्या संरक्षक थराला तडा देतो. चिप त्या दिवशी पास होते. मग ती पॅकेजिंगला जाते, तिथे तारेचा गोळा नेमका खरवडलेल्या जागी बसतो आणि नीट धरत नाही. किंवा धरतो, आणि तापमानाच्या चढउतारात नंतर सुटतो. तेव्हा तक्रार ग्राहकाची असते, आणि तुमच्या यील्डच्या तक्त्यात तिला रकानाच नसतो.

मुळात संपर्काचा रेझिस्टन्स वाढला का, हे कुणी पाहिलं? टोकाला ॲल्युमिनियमचा कचरा चिकटला असेल. टोक झिजलं असेल. कार्ड तिरकं बसलं असेल. किंवा उंचीचा शून्य चुकला असेल. जास्तीचा ओव्हरड्राइव्ह या चारही गोष्टी काही दिवस झाकून ठेवतो.

त्यातला शून्याचा घोळ तर जागोजागी पाहतो. समजा, कार्डातली पहिली सुई टेकते आणि शेवटची त्यानंतर २० मायक्रॉनने. शून्य कुठला धरायचा? दिवसपाळीने पहिल्या सुईवर धरला आणि रात्रपाळीने शेवटच्या सुईवर, तर कागदावर दोघांचा ओव्हरड्राइव्ह ५०, आणि प्रत्यक्षात २० मायक्रॉनचा फरक. सकाळी शेवटच्या सुईला ३० मिळतात, रात्री पहिलीला ७०. मग दोन्ही पाळ्या एकमेकींच्या नावाने खडे फोडतात. तुमच्या रेसिपीत कुठला शून्य धरला आहे, हे आजच विचारा आणि मशीनवर लिहून चिकटवा.

यील्ड घसरला की पहिलं काम मशीनला हात लावायचं नाही. वेफर सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचं. मधला डाय आणि चार कडांचे डाय घ्यायचे, एकेका सुईची खूण पाहायची: पॅडच्या मध्ये आहे का, लांबी सारखी आहे का, दिशा तीच आहे का. मग टेस्टरच्या नोंदीत पाहायचं, नापास एका सुईवर होतंय, एका बाजूला, की सगळीकडे. एकच सुई असेल तर कार्डाकडे बघा. एक बाजू असेल तर तिरकेपणा. सगळीकडे असेल तर सफाई किंवा शून्य.

हेच पुन्हा पुन्हा टेकवण्याबद्दल. ‘तिसऱ्यांदा टेकवल्यावर पास झाला’ असं अभिमानाने सांगतात. प्रत्येक टेकण्याची एक खूण वाढते हे सांगत नाहीत. एका पॅडवर किती वेळा टेकवायचं आणि खूण किती मोठी चालेल, याची मर्यादा ग्राहक किंवा पॅकेजिंग करणारा कारखाना ठरवून देतो. ती तुमच्या प्रोसेस इंजिनिअरकडून लेखी मागा. तोवर ओव्हरड्राइव्हचा आकडा कुणी वाढवला आणि का, याची निदान वही ठेवा.

प्रश्न: कार्डाच्या एका बाजूच्या सगळ्याच सुया उशिरा टेकतात. सुया खाली वाकवून घेऊ का?

सगळ्या एकाच बाजूच्या सुया एकदम बिघडत नाहीत. कार्ड धरणारी प्लेट किंवा चक तिरकं आहे. कार्ड काढून, बसण्याची जागा पुसून पुन्हा बसवा. तिथे अडकलेला एक कण पुरतो. तरीही तसंच राहिलं, तर प्रोबरच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. सुयांना हात लावू नका.

प्रश्न: टोकं साफ करायला हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर चालतो, असं ऐकलं. खरं का?

ऐकलेलं तिथेच सोडा. टंगस्टनच्या सुयांसाठी बारीक कणांची लॅपिंग फिल्म मिळते. चकवर किंवा सफाईच्या जागी ती सपाट लावायची आणि सुया सरळ वर-खाली टेकवायच्या, आडव्या घासायच्या नाहीत. मुलामा असलेल्या किंवा मेम्स पद्धतीच्या (चिपसारख्या सूक्ष्म तंत्राने घडवलेल्या सुयांच्या) कार्डाला ही फिल्मसुद्धा घातक ठरू शकते. तिथे कार्ड बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरा. सुया बेरिलियम कॉपरच्या असतील तर आणखी एक. त्या मऊ असतात, सोन्याच्या पॅडवर छान चालतात, पण घासल्या की लवकर संपतात. आणि बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. त्या कोरड्या घासू नका, फुंकर मारू नका, आणि आपल्या सुया कशाच्या आहेत हे माहीत नसेल तर आधी सेफ्टी ऑफिसरला विचारा.

प्रश्न: एक विक्रेता ‘दहा लाख टचडाउनची गॅरंटी’ देतो आहे, वर सुयांना सोन्याचा मुलामा. घ्यावं का?

त्याला विचारा: कुठल्या धातूच्या पॅडवर, किती ओव्हरड्राइव्हला, किती तापमानाला, आणि किती टेकण्यांनंतर सफाई करून? चारही उत्तरं लेखी आली नाहीत, तर गॅरंटी कॅलेंडरच्या मागे लावा. शिवाय दहा लाखाव्या वेळी टोकाचा व्यास किती असेल, हेही विचारा. सुई निमुळती असते. झिजून आखूड झाली की टोक जाड होतं, खूण मोठी होते आणि एक दिवस पॅडच्या बाहेर जाते. सुई मोडलेली नसते, पण कामाची उरलेली नसते. टोकावरचा मुलामा म्हणाल, तर जिथे घासायचं असतं तिथूनच तो आधी जातो.

प्रश्न: १२५ अंश सेल्सिअसला टेस्ट करताना सकाळी जुळवलेल्या सुया तासाभरात सरकतात. (टेस्ट इंजिनिअर)

सरकणारच. १०० अंशांच्या वाढीला २०० मिमीचं सिलिकॉन वेफर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुमारे ५० मायक्रॉनने वाढतं, आणि कार्ड, त्यातलं इपॉक्सी, धरणारी प्लेट हे सगळं आपापल्या गतीने तापत असतं. गरम चकजवळ कार्ड पुरेसं मुरू द्या, मग जुळवा, आणि लॉट बदलताना मशीन थांबलं की पुन्हा तपासा. तेवढ्यात कार्ड गार होतं. किती वेळ मुरवायचं, हे तुमच्या कार्डावर मोजूनच कळेल. कार्ड त्या तापमानासाठी बनवलेलं आहे ना, ते आधी निर्मात्याकडून खात्री करून घ्या.

प्रश्न: फोर-पॉइंट प्रोबने वेफरच्या कडेला शीट रेझिस्टन्स वेगळा येतो.

या मोजणीत व्होल्टेज भागिले करंटला ४.५३२ ने गुणतात. हा गुणक सुयांमधल्या अंतराच्या मानाने खूप मोठ्या आणि पातळ थरासाठी आहे. कडेजवळ तो लागू नाही, दुरुस्तीचा गुणक घ्या किंवा मध्ये मोजा.

प्रश्न: डिप्लोमा झाला आहे, साणंदला नोकरीचा प्रयत्न करतो आहे. ‘प्रोब कार्ड एक्स्पर्ट’ असा ऑनलाइन कोर्स आहे, फी भरू का?

नको. पडद्यावर पाहून सुई टेकवता येत नाही. साणंदमधले प्रकल्प मुख्यतः पॅकेजिंग आणि टेस्टिंगचे आहेत. तिथे मशीनवर शिकवतात. त्याआधी हात बसवायचा असेल, तर जवळच्या विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रोब स्टेशन आहे का, विचारा. आयआयटी मुंबईत बाहेरच्या संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा वापरू देणारा आयएनयूपी हा कार्यक्रम आहे. तुम्ही त्याच्या अटींत बसता का, हे तिथल्या कार्यालयालाच विचारा.

प्रश्न: दोन सुया वाकल्या आहेत. कार्ड दुरुस्तीला पाठवायचं तर लॉट थांबतो. महिनाअखेरपर्यंत चिमट्याने सरळ करून चालवलं तर?

नाही. टंगस्टन चिमट्याने सरळ होत नाही. ते उडी मारून परत येतं, नाहीतर तुटतं, आणि शेजारच्या दोन सुया सोबत नेतं. कार्ड आजच पाठवा. सोबत शेवटच्या चांगल्या आणि शेवटच्या वाईट वेफरवरच्या खुणांचे फोटो, आतापर्यंतच्या टचडाउनचा आकडा, चालू ओव्हरड्राइव्ह आणि कुठल्या क्रमांकाच्या सुया वाकल्या ते लिहून द्या. नुसतं ‘कार्ड खराब’ असं लिहून पाठवलेलं कार्ड हमखास जास्त दिवस तिकडे पडून राहतं.