गणित सोडायला मी सांगणार नाही

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला, ग्रुप पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी. भावाची अक्कलदाढ काढली, तेव्हा अशी जखम कशी भरतेय हे थर्मल कॅमेऱ्याने मोजता येतं असं तिने वाचलं आणि आता त्यातच काम करायचं म्हणते. वडील लिहितात, ‘दातांचंच आहे तर बीडीएस कर, गणित सोड, नीटवर लक्ष दे, असं तिला समजवा. आमचं ठरलंय.’

साहेब, तसं मी समजावणार नाही. दोन पानी पत्रात तुमचं काय ठरलंय ते आहे. गणित तिला जमतं का, आवडतं का, याबद्दल एक ओळ नाही. आज गणित सुटलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक वाटा बंद होतात. सोळाव्या वर्षी एवढा निर्णय तिला न विचारता घ्यायचा आणि तो माझ्याकडून वदवायचा, हे मला पटत नाही.

कॅमेरा जबड्याच्या आतलं बघतो, असा तुमचा समज दिसतो. तो हाडातलं काहीच दाखवत नाही. गालाच्या कातडीतून निघणारे इन्फ्रारेड किरण तो टिपतो. जखमेभोवती रक्तपुरवठा वाढला की गाल तापतो. सूज उतरेल तसा दोन्ही गालांतला फरक घटत जातो. हा फरक जेमतेम अंश-दीड अंशाचा असू शकतो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या आकड्यातच ±२ अंशांची चूक धरलेली असते. म्हणून एकाच फोटोतले दोन गाल ताडून पाहायचे, ऑपरेशनआधीचा फोटोही हाताशी ठेवायचा. पेशंट नुकताच बर्फाने शेकून आला, चहा पिऊन आला, पंखा एकाच गालावर लागला, की आकडा फसलाच. दाढीही आड येते. त्यामुळे आधी १५ मिनिटं स्थिर तापमानाच्या खोलीत बसवायचं. कॅमेऱ्याचं अंतर आणि कोन दर वेळी तोच. एवढं करूनही ड्राय सॉकेट (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं) निसटू शकतं: ठणका भयंकर, पण गालावर सूज नाही. निदान डॉक्टरच करणार. पण मोजमाप भरवशाचं करणं हे गणित आणि फिजिक्सचं काम आहे.

नीटमधून बीडीएस-एमडीएस, किंवा सीईटी-जेईईमधून बायोमेडिकल अथवा इलेक्ट्रॉनिक्स. दोन्हींकडून इथे पोचता येतं. बारावीपर्यंत पीसीएमबी राहू द्या.

दरम्यान, फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा आठवडाभर कुणाकडून मिळाला तर घरातल्यांचे गाल तिला मोजू द्या, चहाआधी आणि चहानंतर. वहीत नोंदी ठेवू द्या. तिसऱ्या दिवशी कंटाळली तर तेही कळेल. त्या नोंदींसह पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.