ग्लोबल एन्ट्रीची मुलाखत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा विभागाची, म्हणजेच सीबीपीची, ग्लोबल एन्ट्री ही आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांना अमेरिकेत उतरल्यावर झटपट प्रवेश देणारी योजना भारतीय नागरिकांना जुलै २०१७ मध्ये खुली झाली. अर्ज, पार्श्वभूमीची पडताळणी, सशर्त मंजुरी आणि शेवटी प्रत्यक्ष मुलाखत असा तिचा क्रम आहे. आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे या शेवटच्या टप्प्याविषयी आहेत आणि त्यांतील बऱ्याच पत्रांत व्हिसाच्या मुलाखतीची धास्ती डोकावते. ती अनाठायी आहे. अर्जात लिहिलेले, टेबलावर ठेवलेली कागदपत्रे आणि सरकारी नोंदी यांचा मेळ बसतो का, एवढेच मुलाखत घेणारा अधिकारी पाहत असतो. मेळ बसला तर दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपते. जिथे तो बसत नाही, तिथले प्रश्न खाली अधिक विस्ताराने घेतले आहेत.

मी एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. सशर्त मंजुरी मिळाली आहे, पण जवळच्या नोंदणी केंद्रात कित्येक महिने वेळ मिळत नाही. दिवाळीला मुंबईस जाणार आहे. परतताना विमानतळावरच मुलाखत होऊ शकते का? (एडिसन)

होऊ शकते, आणि आपल्यासारख्या प्रवाशासाठी तोच सर्वांत सोयीचा मार्ग आहे. या सोयीला 'एनरोलमेंट ऑन अरायव्हल' म्हणतात आणि तिच्यासाठी अपॉइंटमेंट लागत नाही. परदेशातून अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या ठिकाणी या नावाचे फलक दिसतात. त्यांच्या दिशेने जावे किंवा पासपोर्ट हाती देण्यापूर्वीच अधिकाऱ्याला "मला सशर्त मंजुरी आहे, नोंदणी पूर्ण करायची आहे" असे स्पष्ट सांगावे. नेहमीची प्रवेशाची तपासणी आणि ही मुलाखत मग एकाच वेळी उरकते. तपासणी संपवून सामानाच्या पट्ट्यापाशी पोहोचल्यावर आठवण झाली, तर संधी बहुधा हुकलेली असते.

ही सोय प्रत्येक विमानतळावर नाही. न्यूअर्क, न्यूयॉर्कचे जेएफके, शिकागोचे ओहेअर, सॅन फ्रान्सिस्को ही मोठी ठिकाणे तिच्यात आहेत. पूर्ण यादी सीबीपीच्या संकेतस्थळावर आहे आणि तिकीट काढण्यापूर्वी ती पाहून घ्यावी. महत्त्वाचे असे की मुलाखत तिथेच होते, जिथे आपली प्रवेशाची तपासणी होते. आपण शेवटी कोणत्या शहरात पोहोचणार आहात, याला इथे अर्थ नाही. आपण मुंबईहून थेट न्यूअर्कला उतरणार असाल तर प्रश्न नाही. परंतु मध्ये दुसऱ्या अमेरिकी शहरात विमान बदलणार असाल, तर मुलाखत त्या पहिल्या शहरात होईल, आणि पुढच्या विमानाला दीड तासच उरला असेल तर ही घाई करू नये, असे माझे मत आहे.

अबू धाबीमार्गे येणाऱ्यांसाठी एक वेगळी तऱ्हा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेची पूर्वतपासणी चालते, म्हणजे अमेरिकी अधिकारी विमानात चढण्यापूर्वीच प्रवेशाचे सोपस्कार पूर्ण करतात आणि अमेरिकेत उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत विमानातून आल्याप्रमाणे थेट बाहेर पडतो. तेव्हा त्या मार्गाने येणाऱ्याने मुलाखतीची विचारणा अबू धाबीतच केली पाहिजे, कारण न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याला इमिग्रेशनचा अधिकारी भेटणारच नाही.

जवळ काय ठेवावे? चालू पासपोर्ट, व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर तोही, एच-१बीचे मंजुरीपत्र, आणि सध्याचा पत्ता दाखवणारा पुरावा. वाहन परवान्यावर चालू पत्ता असेल तर तो पुरतो. नसेल तर विजेचे बिल किंवा घरभाड्याची पावती चालते. हे कागद चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत, हे सांगण्याची वेळ अजूनही येते. अर्जात गेल्या पाच वर्षांतील पत्ते, नोकऱ्या आणि भेट दिलेले देश भरलेले असतात. त्याची एक छापील प्रत विमानात वाचून काढावी. अर्ज केल्यानंतर कंपनी बदलली असेल, घर बदलले असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगून टाकावे. असे बदल नोंदवून घेणे अधिकाऱ्याच्या रोजच्या कामातले आहे. याखेरीज छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. दिवाळीत घरी लग्न असेल आणि मेंदी बोटांच्या टोकांपर्यंत भरली जाणार असेल, तर टोके मोकळी ठेवण्याची सूचना घरच्यांना द्यावी.

केंद्रातील वेळ मिळाली असेल तर ती विमानतळावरचे काम फत्ते होईपर्यंत रद्द करू नये. सशर्त मंजुरीनंतर मुलाखतीसाठी ७३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे एक फेरी चुकली म्हणून अर्ज बुडत नाही.

आम्ही पती-पत्नी पुण्यात राहतो आणि मुलाकडे दरवर्षी बी-१/बी-२ व्हिसावर जातो. अर्ज करून बराच काळ झाला, तरी स्थिती 'प्रलंबित' अशीच दिसते. मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते का? (कोथरूड)

नाही. भारतात ग्लोबल एन्ट्रीचे नोंदणी केंद्र नाही, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीचा या योजनेशी संबंध नाही. मुलाखत अमेरिकेत किंवा वर सांगितलेल्या पूर्वतपासणीच्या ठिकाणीच होते. परंतु आपली अडचण त्या आधीची असावी. भारतीय नागरिकांच्या बाबतीत अमेरिकी पडताळणीबरोबर भारत सरकारचीही पडताळणी लागते आणि तिच्यासाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. अमेरिकेच्या संकेतस्थळावर पैसे भरले की सर्व काही आपोआप पुढे सरकेल, अशी अनेकांची समजूत असते आणि अर्ज इथेच अडकून पडतो. हा दुसरा अर्ज केल्यावर पासपोर्टसाठी होते तशी पोलीस पडताळणी होते. त्या वेळी घर बंद असेल किंवा पासपोर्टवरील पत्ता जुन्या घराचा असेल, तर खोळंबा ठरलेला. अमेरिकेत राहणारे भारतीय नागरिक हीच पडताळणी तेथील भारतीय दूतावासामार्फत करून घेतात. ग्रीन कार्डधारक मात्र अमेरिकेचे कायम रहिवासी म्हणून अर्ज करतात. त्यांचा मार्ग निराळा आहे.

सशर्त मंजुरी आल्यावर आपल्या पुढच्या अमेरिकावारीत विमानतळावरच मुलाखत द्यावी. अर्जाचे शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. सदस्यत्व पाच वर्षांचे असते. वर्षाआड एकदा जाणाऱ्यांनी एवढा खटाटोप करावा का, याबद्दल मला शंका आहे. दरवर्षी जाणाऱ्या, रांगेत उभे राहणे जड जाणाऱ्या ज्येष्ठांना मात्र तो उपयोगी पडतो.

काही वर्षांपूर्वी भारतातून परतताना माझ्या बॅगेत हापूस आंबे सापडले. मी ते जाहीर केले नव्हते. दंड भरला, आंबे जप्त झाले, प्रकरण मिटले. अर्जात नियमभंगाच्या प्रश्नाला मी 'नाही' असे उत्तर दिले आहे. मुलाखतीत हे काढावे का? (ह्यूस्टन परिसर)

काढावेच, आणि अधिकाऱ्याने विचारण्यापूर्वी. दंड भरल्याने प्रकरण मिटले हे खरे. नोंद पुसली गेली असे त्याने होत नाही. सीमाशुल्क, इमिग्रेशन किंवा शेतीविषयक नियमांचा भंग हे अर्ज नाकारण्याचे एक कारण आहे, आणि अर्जात खोटी किंवा अपुरी माहिती देणे हे दुसरे. आज आपल्या नावावर पहिले कारण आहे. गप्प राहिलात तर दुसरेही जमा होईल. मुलाखतीच्या सुरुवातीसच "या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले आहे, ते दुरुस्त करायचे आहे" असे म्हणावे आणि दंडाची पावती असल्यास पुढे ठेवावी. पावती हरवली असेल आणि तारीखही धड आठवत नसेल, तर माहितीच्या स्वातंत्र्याच्या अमेरिकी कायद्याखाली सीबीपीकडून स्वतःच्या नोंदी मागवता येतात. तेवढा अवधी हाताशी असेल तर हे आधी करावे. अर्ज मंजूर होईल अशी खात्री मी देऊ शकत नाही, कारण असा निर्णय अधिकाऱ्यांच्या विवेकावर असतो. एक जुनी, किरकोळ, स्वतःहून सांगितलेली घटना आणि लपवलेली घटना यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र सारखी नसते.

आपण पत्रात "बाजारात तर भारतीय हापूस विकत मिळतो" असेही लिहिले आहे, म्हणून थोडे विषयांतर. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून पुन्हा जाऊ लागला तो विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. पहिल्या पेट्यांवर ही प्रक्रिया नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या केंद्रात झाली होती. पुढे वाशीलाही तशी सोय झाली. फळमाशी आणि कोयीतील भुंग्यासारख्या किडी तिकडे पोहोचू नयेत यासाठी ही खबरदारी आहे. देवगडच्या बागेतून थेट बॅगेत आलेल्या आंब्याला तिचा स्पर्शही झालेला नसतो, म्हणून तो चालत नाही. लोणचे, मसाले, भाजणी यांच्याबाबतही विचारल्यास "खाद्यपदार्थ आहेत" असेच सांगावे. जाहीर केलेली वस्तू नियमात बसत नसेल तर ती काढून घेतात, पण दंड होत नाही. सदस्य झाल्यावर तर हे अधिकच पाळावे लागते, कारण न सांगितलेल्या एका फळापायी सदस्यत्व रद्द होऊ शकते.

स्वतःहून खरे सांगण्याचा हाच नियम अटकेच्या नोंदींनाही लागू आहे. खटला काढून टाकला गेला असेल, नोंद न्यायालयाने पुसली असेल, तरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे आणि निकालाची प्रमाणित प्रत सोबत न्यावी.

लग्नानंतर मी पासपोर्टवर नाव बदलून घेतले, पण ग्रीन कार्डावर माहेरचे नाव आहे. शिवाय पासपोर्टवर माझ्या नावापुढे पतीचे नाव एकाच रकान्यात आहे. मुलाखतीत अडचण येईल का? (फ्रीमॉन्ट)

आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लावण्याची रीत आहे, आणि भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळा रकाना नसल्यामुळे पहिली दोन एकत्र छापली जातात. अमेरिकी वाहन परवान्यावर तेच नाव कधी मधले नाव होते, कधी गळून जाते. अर्जात मुख्य नाव पासपोर्टप्रमाणे द्यावे आणि पूर्वीची व इतर कागदांवरील नावे 'वापरलेली अन्य नावे' या ठिकाणी भरावीत. मुलाखतीला मूळ विवाह प्रमाणपत्र आणि जुना पासपोर्ट न्यावा. प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे, कारण ते वाचणारा अधिकारी मिळेलच असे नाही. पुढे ग्रीन कार्डावर नवे नाव आले की ऑनलाइन भागत नाही, पुन्हा नोंदणी केंद्रात जावे लागते. नवा पासपोर्ट मात्र आपल्या खात्यातून स्वतःच नोंदवता येतो, आणि तो न नोंदवल्यामुळे यंत्राने ओळख नाकारल्याच्या तक्रारी वरचेवर येतात.

मंजुरीनंतर मिळणारा क्रमांक विमानाचे तिकीट काढताना 'नोन ट्रॅव्हलर नंबर' या रकान्यात भरावा. तिकिटावरील नाव सदस्यत्वातील नावाशी जुळले नाही, तर देशांतर्गत प्रवासातील टीएसए प्रीचेकची, म्हणजे विमानतळावरील जलद सुरक्षा तपासणीची, सवलत बोर्डिंग पासवर उमटत नाही.

मुलगी दोन वर्षांची आहे. तिलाही मुलाखत लागते का? (डॅलस)

लागते. वयाची खालची अट नाही, त्यामुळे प्रत्येक मुलाचा स्वतंत्र अर्ज आणि केंद्रात जाणार असाल तर स्वतंत्र वेळ घ्यावी लागते. आईवडिलांच्या वेळेत मूल 'बसवून घेतील' असे गृहीत धरू नये. आई किंवा वडील सोबत हवेत. पालक सदस्य असतील किंवा त्याच वेळी अर्ज करत असतील, तर अठरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही.

मुलाखत चांगली झाली असे वाटले, पण अर्ज नाकारल्याचे पत्र आले. पुढे काय करावे? (शिकागो)

नाकारण्याचे कारण आपल्या खात्यातील पत्रात असते, जरी ते बहुधा एका ओळीचे आणि मोघम असले तरी. निर्णय चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीवर झाला आहे असे वाटत असेल, तर त्याच खात्यातून सीबीपीच्या लोकपालाकडे फेरविचाराची विनंती करता येते. विनंती अर्ध्या पानाची असावी आणि तिच्यासोबत न्यायालयाचा निकाल, दंडाची पावती असा कागद असावा. अन्याय झाल्याची भावना कितीही खरी असली, तरी फाइल उघडणाऱ्याला नवा कागद हवा असतो. हा नकार म्हणजे व्हिसा नाकारणे नव्हे. सामान्य रांगेतून प्रवेश पूर्वीप्रमाणेच घेता येतो.

मुंबई विमानतळावर भारत सरकारनेही अशीच योजना सुरू केली आहे ना? तिथेही मुलाखत असते का? (ठाणे)

आपण म्हणता ती 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम'. ती २२ जून २०२४ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) तिच्यासाठी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करू शकतात. तिच्यात प्रश्नोत्तरांची मुलाखत नाही. पडताळणी झाल्यावर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र देण्यासाठी नेमलेल्या विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात एकदा जावे लागते. प्रवासाच्या दिवशीच ते उरकू असे ठरवलेत, तर विमानतळावर नेहमीपेक्षा बरेच लवकर पोहोचा. ही योजना आणि ग्लोबल एन्ट्री यांचा परस्परांशी संबंध नाही. एकीचे सदस्यत्व दुसरीत धरले जात नाही. भारतीय योजनेची मुदत पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जी आधी संपेल ती असते. तेव्हा आपला पासपोर्ट लवकरच संपणार असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करून मग अर्ज करावा.