एक्स्टसीची गोळी एकदाच घेतली तर खरंच काही होतं का?

भावा, मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल दुकान आहे माझं. तू विचारलंयस की ग्रुप गोव्याला जाणार, तिथं एक्स्टसी (म्हणजे एमडीएमए, नशेची गोळी) घेणार, दारूपेक्षा सेफ म्हणतात ते खरं का. आणि जाता जाता लिहिलंयस की तुझी एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनची गोळी, चालू आहे. खरं तर तीच मेन गोष्ट आहे, येतो तिच्याकडं.

एका सोमवारी सकाळी शटर वर करतोय तोवर एक पोरगं आलं, दातदुखीची गोळी द्या म्हणालं. कुठला दात विचारलं तर म्हणे सगळेच. गोव्यासनं रात्रभर गाडी मारून थेट आलेलं, गाल आतनं चावून चावून पांढरे पडलेले आणि टीशर्टचा गळा उंदरानं कुरतडल्यासारखा. ह्या गोळीनं जबडा असा आवळतो की घेतलेल्याला कळतच नाही. ते बरं होतं दोन-चार दिवसात, त्याचं काही नाही.

खरी भीती तापाची. गोळीनं अंगातली उष्णता वाढते, कातडीजवळच्या शिरा आवळतात म्हणून ती बाहेर पडत नाही, त्यात गोव्याची दमट हवा आणि दमल्याचं भानच नाही म्हणून चार-चार तास नाचणं. ताप ४१-४२ सेल्सियसवर गेला की स्नायू फुटायला लागतात आणि तो कचरा किडनीत जाऊन बसतो. आणि हा ताप पॅरासिटामॉलनं उतरत नाही बरं का, कारण तो इन्फेक्शनचा नाहीच. गार पाणी ओतायचं, ओली फडकी, पंखा, आणि १०८ ला फोन. पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरशी खोटं बोलू नका, काय घेतलंय ते स्पष्ट सांगा.

मग पोरं म्हणतात भरपूर पाणी पितो की! तिथंच दुसरा घोळ. ही गोळी शरीराला लघवी रोखून धरायला लावते, त्यामुळं ढसाढसा पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि मेंदूला सूज चढते. १९९५ ला इंग्लंडमध्ये एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या पार्टीत गोळी घेऊन दीड तासात सातेक लिटर पाणी प्याली आणि तशीच गेली. बायकांना हा धोका जास्त असतो.

बरं गोळीत काय आहे ते विकणाऱ्याला तरी कुठं माहीत असतंय. कधी पीएमए नावाचं भलतंच निघतं, ते उशिरा चढतं, किक बसेना म्हणून दुसरी घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. आपल्या पेपरात 'एमडी' म्हणून येतं ते बहुतेक वेळा मेफेड्रोन असतं, ती वेगळीच नशा, एमडीएमएसारखं नाव वाटतं म्हणून गल्लत करू नको.

आता तुझं. एक्स्टसी मेंदूतलं सेरोटोनिन एकदम बाहेर ओतते, म्हणून त्या रात्री सगळं जग आपलं वाटतं आणि मंगळवार-बुधवारी विनाकारण रडू येतं. ज्याला आधीच डिप्रेशन आहे त्याला तो बुधवार लई महागात पडतो. तुझ्या औषधामुळं किक कमीच बसणार, मग तू डोस वाढवणार, आणि सेरोटोनिन जास्त झालं की हातपाय थरथरणं, स्नायू ताठ होणं, ताप, झटके. त्यात वरनं कुणी दुखण्यावरचं ट्रामाडॉल किंवा खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिलं तर अजून वाईट.

आणि ट्रिपसाठी म्हणून एस्सिटालोप्राम मधेच बंद करायचा विचार असेल तर तो आधी डोक्यातनं काढ. ग्रुपला सांग माझं औषध चालू आहे, जमणार नाही. लाज वाटत असेल तर ॲसिडिटी म्हण. डोकं जड झालंच तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतनं बोलतात.