ह्यूस्टनमध्ये नासा झाल्यावर आई-बाबांना कुठे न्यायचं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा दोन महिन्यांसाठी येतायत. नासा, गॅल्व्हेस्टनचा समुद्र आणि स्टॅफर्डचं स्वामीनारायण मंदिर पहिल्या दोन शनिवार-रविवारांतच उरकेल, मग पुढे काय? "ह्यूस्टनात बघण्यासारखं आहे काय?" असं मीही सुरुवातीची काही वर्षं म्हणायचो. माझे आई-बाबा तीन वेळा येऊन राहिले आणि त्यांना फिरवता फिरवता हे शहर मला कळलं. इथे डोंगर नाहीत, जुने वाडे नाहीत. जे आहे ते कुणीतरी हट्टाने, स्वतःच्या हाताने केलेलं आहे. ते शोधत गेलात तर दोन महिने कमी पडतील.

सुरुवात बफेलो बायू पार्कमधल्या सिस्टर्नपासून करा (बायू म्हणजे संथ वाहणारा ओढा). 1926 साली शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेली ही जमिनीखालची टाकी. पुढे गळती लागली, ती कुठून ते सापडेना, म्हणून 2007 मध्ये वापर बंद झाला. 2016 पासून लोकांना आत सोडतात. आत गेलात की 25 फूट उंचीचे 221 खांब रांगेने उभे दिसतात आणि तळाशी थोडं पाणी ठेवलेलं असल्यामुळे प्रत्येक खांब दुप्पट उंच भासतो. माझे बाबा उमेदीत सह्याद्रीतले किल्ले खूप फिरलेले. आत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाले, "अरे, हे तर खांबटाकं!" त्यापेक्षा नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. गाइडने एक आवाज केला, तो विरायला सतरा सेकंद लागले. मग आईने हळूच ॐकार लावला आणि सगळा गट गप्प झाला. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, आणि नातवंडं बरोबर असतील तर वयाची अट वाचून घ्या. एकदा आम्ही न वाचता गेलो होतो, तेव्हा धाकटीला घेऊन मला बाहेर थांबावं लागलं.

मॉन्ट्रोजमधलं रॉथ्को चॅपल मात्र घाईत बघू नका. बाहेरून बिनखिडक्यांची विटांची इमारत, आत अष्टकोनी दालन आणि अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्कोची 14 प्रचंड चित्रं. पहिल्यांदा सगळी काळीच वाटतात. दहा मिनिटं बाकावर बसा, डोळे सरावले की त्या काळ्यातून जांभळा, तपकिरी असे रंग वर येऊ लागतात. 1971 मध्ये हे उघडलं, त्याच्या आदल्या वर्षी रॉथ्को गेला होता. कुठल्याही एका धर्माचं हे ठिकाण नाही; ज्याला जसं बसायचं तसं त्याने बसावं. बाहेर पाण्यात एक मोडका, उलटा टेकवलेला स्तंभ आहे, बार्नेट न्यूमन या कलावंताने घडवलेला. हे चॅपल उभारणारं कलासंग्राहक डी मेनिल दांपत्य हा स्तंभ शहराला द्यायला तयार होतं, फक्त तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीला अर्पण करायचा, एवढी अट होती. शहराने नाकारलं, म्हणून तो इथे आला. आई-बाबांना ही गोष्ट आधी सांगा, मग स्तंभ दाखवा. चालत दोन मिनिटांवर मेनिल संग्रहालय आहे, प्रवेश कायम मोफत.

आता मला सगळ्यात जवळची जागा. थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतलं इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीची बाग. दिसायला साधं: झाडं, पोहण्याचा तलाव, मुलं खेळतायत. पण 1872 मध्ये, गुलामगिरीतून सुटून जेमतेम सात वर्षं झालेल्या माणसांनी, पाद्री जॅक येट्स यांच्या पुढाकाराने, आपसांत पैसे गोळा करून ही 10 एकर जमीन विकत घेतली. कशासाठी? 19 जूनला, म्हणजे टेक्ससमध्ये मुक्तीची घोषणा झाली त्या दिवशी, हक्काच्या जागेवर एकत्र जमून आनंद साजरा करता यावा म्हणून. बाबांनी हे ऐकलं आणि वर्ष पुन्हा विचारलं. 1872. "म्हणजे ज्योतिरावांची 'गुलामगिरी' याच्या पुढच्याच वर्षीची," ते म्हणाले. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ते पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं, हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो. पुण्यात बसून एक माणूस ज्या मुक्तीला नमस्कार करत होता, त्या मुक्तीतून उभी राहिलेली जमीन आमच्या पायाखाली होती. बाबा बराच वेळ बाकावरून उठले नाहीत. मीही घाई केली नाही. बागेसमोरचा रस्ता पूर्वी एका कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या, सैनिकाच्या नावाने होता, 2017 पासून तो इमॅन्सिपेशन अव्हेन्यू आहे. तिथून जवळच प्रोजेक्ट रो हाउसेस: पडायला आलेली छोटी लाकडी घरं 1993 पासून कलावंतांनी जपली आहेत. तेही बघून या.

मलोन स्ट्रीटवरचं बिअर कॅन हाउस आईला फार आवडलं, नाव ऐकून ती आधी यायलाच तयार नव्हती. रेल्वेत गादीकाम करणाऱ्या जॉन मिल्कोविश यांना अंगणातलं गवत कापायचा कंटाळा आला, म्हणून 1968 मध्ये त्यांनी तिथे सिमेंटमध्ये गोट्या बसवायला घेतल्या. मग घराच्या भिंतींना रिकाम्या कॅनचे पत्रे, छपराला कापलेल्या झाकणांच्या माळा. अंदाजे 50,000 कॅन लागले असं सांगतात. वारा आला की सगळं घर किणकिणतं, देवळातल्या छोट्या घंटांसारखं. ऑरेंज शो ही अशीच, जेफ मॅकिसॅक नावाच्या पोस्टमनने संत्र्याच्या प्रेमापोटी 1956 ते 1979 एकट्याने बांधलेली वास्तू. उघडल्यावर काही महिन्यांतच तो वारला. ती जागा उघडी आहे का हे निघण्याआधी पाहून घ्या.

उन्हाळ्यात बाबांच्या पायी फिरण्याचा प्रश्न येईल. डाउनटाउनखाली सहा मैलांहून जास्त बोगदे आहेत, वातानुकूलित, दुकानांसकट. फक्त सोमवार ते शुक्रवार, आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळली की दुकानं आवरू लागतात, म्हणून सकाळीच जा.

आणि एक संध्याकाळ वॉ ड्राइव्हच्या पुलासाठी राखून ठेवा. पुलाच्या फटींत एके काळी सुमारे अडीच लाख वटवाघळं होती; आजही ती तिथे बारा महिने राहतात. 2017 च्या हार्वी वादळात बायूचं पाणी पुलापर्यंत चढलं आणि कितीतरी बुडाली. तरी उरलेल्यांनी जागा सोडली नाही. सूर्य मावळताना ती धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात. थंडी-पावसात निघतीलच असं नाही, म्हणून उबदार, कोरडी संध्याकाळ निवडा. वास येतो, डासही असतात. अर्धा तास आधी पोचा आणि आईंसाठी घडीची खुर्ची न्या.